आजच्या सिस्टिममध्ये कॅसेट डेक हवा की नको? (माझं मत: हवा, पण जुना)

मंद्रसप्तक
स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारं यंत्र), डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा), बुकशेल्फ स्पीकर अशी सिस्टिम असलेल्या घरातही कॅसेट डेकला जागा आहे, असं माझं मत. मांडतो, मग हाणा.

आवाज सीडीपेक्षा सरस असतो असं मी म्हणत नाही. फीत जेमतेम ३.८१ मिमी रुंद, सेकंदाला ४.७६ सेंमी सरकणार, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक कोंबलेले. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली तेव्हा तिच्याकडून हाय-फायची अपेक्षाच नव्हती; ती पत आली नंतर, डॉल्बी (फितीची सळसळ दाबणारी सोय) आणि क्रोम-मेटल या वरच्या प्रतीच्या फितींमुळे. पण आपल्याकडचं कितीतरी संगीत फक्त कॅसेटवरच राहिलंय. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या सगळ्या कॅसेटी स्ट्रीमिंगवर सापडत नाहीत. गावातल्या भजनी मंडळाने भरलेली कॅसेट किंवा कुणाच्या दिवाणखान्यातली बैठक तर नाहीच नाही.

नवा डेक मात्र घेऊ नका. सध्याच्या बहुतेक नव्या यंत्रांत एकाच धाटणीचं स्वस्त मेकॅनिझम असतं आणि खरी डॉल्बी नसते. ऐंशी-नव्वदच्या दशकातला चांगला डेक घ्या, बेल्ट आणि पिंच रोलर (फीत दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक) बदलून घ्या. जोडणी सोपी आहे: डेकचा लाइन आउट अ‍ॅम्प्लिफायरच्या कुठल्याही लाइन इनपुटला, फोनोला (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटला) नाही. डॅक दोन व्होल्टच्या आसपास देतो, डेक साधारण अर्धा व्होल्ट. त्यामुळे आवाज वाढवावा लागेल. परत स्ट्रीमरवर जाताना आधी तो कमी करा, नाहीतर शेजारी येतील.

सपाट_प्रतिसाद
असहमत. कॅसेट दुर्मीळ आहे म्हणता आणि तीच रोज हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) घासायला काढता? एकदा नीट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, डेक विका.

शिवाय आपलं संगीत म्हणजे कॅसेटची सर्वांत कडक परीक्षा. ठेका आणि गिटारच्या गाण्यात वेगातला बारीक चढउतार लपतो. तानपुरा आणि त्यावर लांबवलेला षड्ज लावा, मध्यम प्रतीच्या डेकवर तो थरथरतो. साध्या फेरिक फितीची डायनॅमिक रेंज डॉल्बीशिवाय ५०-५५ डेसिबल, सीडीची ९६. विलंबित आलापात गवय्यापेक्षा फितीची सळसळ जास्त ऐकू येते. यात रस कसला?

लॅमिंग्टनवाला
उतरवून घ्या हे बरोबर, पण कशावरून उतरवणार? त्यालाही चांगलाच डेक लागतो. भंगारातल्या टू-इन-वनवरून (रेडिओ-कॅसेट प्लेअरवरून) उतरवलेली फाइल २४ बिटची असली तरी आवाज टू-इन-वनचाच.

सगळ्यात मोठी गफलत अ‍ॅझिमथची. फितीवरच्या ट्रॅकशी हेडचा कोन काटकोनात नसला की वरची पट्टी गळून जाते, आणि लोक म्हणतात कॅसेट जुनी झाली. हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवला की झांज परत येते. हे दर कॅसेटला वेगळं असू शकतं. दुसरं, डॉल्बी बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बी बी लावूनच वाजवा. बंद ठेवली की आवाज चरचरीत होतो आणि बऱ्याच जणांना तोच 'क्लिअर' वाटतो!

आणि जपानहून आलेला डेक घेत असाल तर मागची पट्टी वाचा. तो १०० व्होल्टचा असतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर न लावता आपल्या २३० वर लावला की दुरुस्तीला माझ्याकडेच येता.

म्हापसेकार
आमच्याकडे गोव्यात तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, कॅसेटी घरोघरी पडून आहेत. पण पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती कॅसेट तशीच डेकात घातली तर हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीला जाते. कॅसेटच्या खिडकीतून आधी बॅटरी मारून बघा. खरं तर हाच प्रश्न मोठा, डेक जुना की नवा हा नंतरचा.

एकतारी
नव्या बँडच्या कॅसेटी विकत घेणाऱ्यांचं काय? डिजिटल मास्टरवरून भरलेली कॅसेट 'शुद्ध अ‍ॅनालॉग' म्हणून खपवतात.

मंद्रसप्तक
@एकतारी ती आठवण म्हणून कपाटात ठेवा, वाद नाही.

@सपाट_प्रतिसाद थरथर मान्य, ५५ डेसिबलही मान्य. उतरवलंय मीही, दोन हार्डडिस्कवर. पण डेक विकू कसा? घरात चालू डेक आहे हे कळल्यापासून नातेवाईक पिशव्या भरभरून कॅसेटी आणून देतात. परवा मावसभावाने आजोबांच्या कीर्तनाची दिली. लॅमिंग्टनवाले म्हणतात तसा प्रत्येकीचा स्क्रू वेगळा.

सपाट_प्रतिसाद
मग तो कॉम्प्युटरशेजारी ठेवा ना. दिवाणखान्यातल्या सिस्टिमला कशाला जोडलाय?

मंद्रसप्तक
कीर्तन ऐकायला मावशी हेडफोन लावणार नाही, म्हणून.