माताहारीला शिक्षा नेमकी कशाची झाली?

मोरपंखी:
माताहारी म्हटलं की लोकांना मादक हेर आठवते. मला आठवते ती १९१६ मधली, चाळिशीला आलेली बाई. मूळची डच, मार्गारेटा झेला. मारकुट्या नवऱ्याचा संसार मोडून पॅरिसला आली, १९०५ मध्ये गिमे संग्रहालयात नाचली आणि गाजली. दहा वर्षांत नाचाची कामं आटली. त्यातच निम्म्या वयाच्या वादिम मास्लोव्ह या रशियन अधिकाऱ्यावर तिचा जीव जडला. पहिल्या महायुद्धात त्याचा एक डोळा अधू झाला. त्याच्या भेटीसाठी तिला व्हितेल या फ्रेंच गावी जायचं होतं, पण तो युद्धक्षेत्राचा भाग, परवाना लागायचा. फ्रेंच हेरखात्याच्या लादूने ही नड बरोबर ओळखली आणि तिला हेरगिरीला जुंपलं. तिने दहा लाख फ्रँक मागितले, मास्लोव्हबरोबर संसार थाटायला. पुढे त्याच लादूने तिच्याविरुद्ध खटला उभा केला. हे शोषणच आहे.

सडेतोड:
ताई, ॲमस्टरडॅमच्या जर्मन कॉन्सुलकडून तिने २०,००० फ्रँक आधीच घेतले होते, ते का गाळलंत? जर्मनांकडून एच-२१ हे सांकेतिक नावही मिळालं होतं. १९१७ मध्ये फ्रेंच पलटणींत बंडाळी माजली होती. अशा वेळी शत्रूचा पैसा खिशात घालून गप्प बसणारीला प्रेमवेडी म्हणून सोडायचं?

मोरपंखी:
पैसे घेतल्याचं तिनेच चौकशीत कबूल केलं. बर्लिनमध्ये जप्त झालेल्या फरकोटांची ती भरपाई, असं तिचं म्हणणं. पण बदल्यात कुठलं गुपित विकलं, ते कुणी दाखवलं? बंद दाराआड दोन दिवस खटला, आणि १५ ऑक्टोबर १९१७ ला पॅरिसजवळच्या व्हँसेनला गोळ्या.

पैंजण:
मी भरतनाट्यम शिकवते, त्यामुळे माझा राग वेगळाच. भारतातल्या देवळात वाढल्याची थाप मारून, शिवापुढचं नृत्य म्हणून तिने कपडे उतरवले. त्याच काळात इकडे मद्रासेत खऱ्या देवदासींच्या नाचाविरुद्ध मोहीम चालू होती, त्यांच्या पोटावर पाय येत होता. मला तिचा कळवळा येत नाही. पण थापेला मृत्युदंड नसतो, हेही खरं.

सडेतोड:
दंड थापेचा नव्हता, पैशाचा होता. आणि सगळं खापर लादूवर का? मास्लोव्हनेही आमचं फारसं काही नव्हतं म्हणून हात झटकलेच की.

मोरपंखी:
झटकलेच, म्हणून त्यालाही मी सोडत नाही. पण परवाना त्याच्या हातात नव्हता, लादूच्या होता. पुढे लादूवरही हेरगिरीचा आरोप आला, त्यातून तो सुटला. तिच्या बाजूने खटला लढला तो क्लुने, सत्तरी ओलांडलेला वकील, तिचा जुना चाहता.