गाडी चालू असताना टायर फुटलाय का कधी? कशाने फुटला? अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. मे महिन्यातली दुपार, समृद्धीवर जालना सोडून मेहकरकडे चाललेलो, गाडीत आम्ही पाच जण आणि डिकीत आंब्याच्या चार पेट्या. वेग ११०-११५, म्हणजे नियमातच. मागून फाडकन आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली, नशीब मागे ट्रक नव्हता. उतरून बघतो तर टायरची नक्षी शाबूत, पण बाजूची भिंत बांगडीसारखी गोल कापून निघालेली, आत हात घातला तर नुसता काळा भुगा. आदल्या दिवशी पंक्चरवाला म्हणालेला, "साहेब ऊन लई आहे, हवा ३३ psi कशाला, २८ च ठेवतो." मीही मान डोलावली. तुमचं सांगा.

---

दादा, तो भुगाच सांगतोय की टायर कमी हवेवर पळाला. टायरच्या धंद्यात केस पांढरे झाले म्हणून बोलतो. उन्हाने हवा ३-४ ने वाढते ती कंपनीने धरलेलीच असते, तिने टायर फुटत नाही. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेरीला भिंत दबते, सुटते, दबते, सुटते... तार वाकवून वाकवून तोडतो ना, हात लावला तर गरम लागते, तसंच. त्यात पाच माणसं, त्यात तो वेग. ड्रायव्हरच्या दारावर स्टिकर असतो, फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघा, आणि हवा सकाळी थंड टायरवर मोजा. आणि हवेऐवजी नायट्रोजन भरा म्हणतात ते फार मनावर घेऊ नका, साध्या हवेत पण ७८ टक्के तोच आहे.

---

आमचं उलटं, हवा बरोबर होती. बाबांची गाडी, आठ वर्षांत जेमतेम २० हजार किमी, नक्षी अगदी नवी दिसायची म्हणून कोणी बदलायचं नाव काढेना. चाकणजवळ पट्टाच सोलून निघाला आणि मडगार्ड फाडून गेला. नंतर टायरवर बघितलं, लांबट चौकटीत ३५१४ लिहिलेलं, म्हणजे २०१४ चा ३५वा आठवडा. टाचेला भेगा पडतात तशा बारीक भेगा होत्या सगळीकडे, रोज गाडी पुसणाऱ्या बाबांना त्या दिसल्या नाहीत याचं मला अजून नवल वाटतं (त्यांना सांगू नका).

---

माझा आंबा घाटात. पावसाचं पाणी भरलेला खड्डा, चाक धाडकन आत. गाडी नीट चालत होती म्हणून तशीच दामटली. रत्नागिरीला उतरल्यावर भावाने दाखवलं, टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा येतो म्हणे, आणि भिंतीला पंक्चर काढता येत नाही. रस्त्यात फुटला नाही एवढंच.

---

ताई, लकी आहात. माझ्या पंक्चरवाल्याने कडेच्या खिळ्याला पण दोरा खुपसून दिला, हळूहळू हवा जात राहिली, डॅशबोर्डवर पिवळं चिन्ह पेटलं ते मला दोन दिवस सर्व्हिसिंगचं वाटलं 😐 बोगद्याच्या तोंडाशी फुटला. शेजारी नवरा "ब्रेक मार ब्रेक मार" ओरडत होता, मी मारला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून पाय फक्त रेसवरून काढला. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या काकांनी तेवढंच बजावून सांगितलेलं.

---

धागाकर्ता: हे सगळं वाचून आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन गेज लावला. चारही ठीक. स्टेपनीत १२ निघाली.