तिसरीतलं लेकरू लिहायला घाबरतंय, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातले, सेलूजवळचे. लेकरू गोष्ट सांगायला लागलं की थांबत नाही, पण वही काढली की दोन ओळींत हात दुखतो. परवा लिहिलं, 'आजीन हिरीतून पानी आनल.' आता घरी आम्हीच पानी, लोनी, कोन म्हणतो, तर त्याच्या कानाला ण कुठून कळावा?

रोज दहा ओळी शुद्धलेखन लावून पाहिलं. अक्षर वळणदार झालं, चुका तशाच. बघून उतरवताना ते शब्द वाचतच नाही, नुसतं चित्र काढतं. शेवटची वेलांटी दुसरी (कवी, नदी) हे बसलंय, पण फूल-फुलाला, वीट-विटा इथं गाडी अडते. 'सूर्य'चं 'सुयर' झालं तेव्हा आजी खो खो हसली. तेव्हापासून पाटी लपवतंय!

सध्या किराण्याच्या यादीतले पाचच शब्द लिहून घेतो. चूक लाल पेनानं खोडावी, की बरोबर शब्द शेजारी लिहून सोडून द्यावं? आणि भ-म अजून उलटसुलट होतात, हे कुणाला दाखवावं लागेल का? शिक्षक मंडळींनी जरूर सांगा.