मदत हवी आहे : पिस्तूल देखभालीचा कंपनीचा आर्मरर कोर्स कुठे करता येईल? (बेळगाव)

अनगोळचा_नेमबाज
नमस्कार मंडळी. पिस्तुलाच्या देखभालीचा कंपनीचा आर्मरर (हत्यार उघडून दुरुस्त करणारा) कोर्स करायचाय. ग्लॉक या पिस्तूल कंपनीचा बघितला, एका दिवसाचा आहे, पण पोलीस, लष्कर, विक्रेते असल्यांनाच घेतात असं दिसतंय. आपल्याकडं असा कोर्स कुठं होतो? बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, पुणे, कुठंही चालेल. फी किती? जरा लवकर सांगा, स्पर्धा तोंडावर आलीय. दरवेळी पिस्तूल बाहेरगावी पाठवायचं आणि महिना महिना वाट बघत बसायची, हे आता बास झालं.

टिळकवाडीकर
कुठलं पिस्तूल? परवाना कुणाच्या नावावर? बिघडलंय की नुसतं शिकायचंय? एवढं तरी लिहा, मग लोक सांगतील.

नियमाप्रमाणे
आधी कायदा समजून घ्या, कोर्सचं नंतर. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुक-पिस्तुलाची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, नुसता बाळगण्याचा परवाना त्याला चालत नाही. कंपनीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं म्हणून दुसऱ्याचं पिस्तूल उघडायचा अधिकार मिळत नाही. स्वतःचं पुसणं, तेल देणं वेगळं. आणि ग्लॉक 17 हे 9 मिमीचं, म्हणजे आपल्याकडं सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या बोअरचं (नळीच्या मापाचं). ज्या पिस्तुलाला हात लावता येणार नाही त्याचा कोर्स करून काय करणार? बेळगाव शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

सुभेदार_निवृत्त
मी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर होतो, इथल्या मराठा सेंटरमध्येही काही काळ काढला. पोरा, एका दिवसात हे येत नाही. आम्हाला आधी कोतमध्ये (शस्त्रागारात) हत्यारं मोजायला आणि पुसायला लावायचे. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून नळी ओढायची, उजेडाकडं धरून आत बघायचं, परत ओढायची. चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत उस्ताद पुढचं काही शिकवायचे नाहीत. हत्यार हातात घेतलं की आधी मॅगझिन बाहेर, मग चेंबर डोळ्यानं बघायचं आणि बोटानं चाचपायचं. शंभर वेळा केलं असलं तरी एकशे एकाव्या वेळीही करायचं. तुझं हत्यार कुठलं ते सांग, मग बोलू.

खानापूरचा_शेतकरी
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडं आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, पीक राखायच्या परवान्यावर. रानडुकरं भुईमुगात घुसून रात्रीत वाफेच्या वाफे उलथतात. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची आणि परत मिळते तेव्हा नळीला गंज चढलेला असतो. बत्तीचं निप्पल (ठिणगी आत जाते ते टोक) इतकं खाल्लंय की ठिणगी आत पोचत नाही. बेळगावात हे बदलून देणारा कोण परवानेवाला कारागीर उरलाय काय ओ?

टिळकवाडीकर
शेतकरीदादा, तुम्ही वेगळा धागा काढा, इथं हे हरवून जाईल.

खानापूरचा_शेतकरी
काढतो की. पण माहिती असलेली माणसं इथंच जमलीत म्हणून विचारलं.

सुभेदार_निवृत्त
दादा, गंज लागायच्या आधी बघा. जमा करताना नळीत आणि बाहेरून जाडसर तेलाचा हात मारून द्यायचा. परत आली की ते तेल पूर्ण पुसल्याशिवाय बार भरायचा नाही. निप्पल मात्र परवानेवाल्या कारागिराकडूनच. वर्कशॉपवाल्याकडून आटे पाडून घेऊ नका, उडालं तर डोळ्यावर येतं.

अनगोळचा_नेमबाज
अहो, मला बंदुकीचं नकोय आणि परवान्याचाही प्रश्न नाही. एअर पिस्तूल आहे, 10 मीटरचं. क्लबमध्ये मुलांना शिकवतो, तिथली पिस्तुलं आहेत. कोर्स कुठं होतो एवढंच विचारलंय.

नियमाप्रमाणे
मग हे पहिल्या ओळीत का नाही लिहिलंत? सगळं उत्तरच बदललं. 4.5 मिमीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर हत्याराला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. 10 मीटरचं पिस्तूल साधारण 6 ज्यूलच्या आसपास असतं. माझं कलम 5 तुम्हाला लागू नाही. पण ग्लॉकच्या कोर्सचा एअर पिस्तुलाशी संबंध काय?

अनगोळचा_नेमबाज
संबंध नाही हे कळतंय. 'आर्मरर कोर्स' म्हणून शोधलं की तोच समोर येतो. तसा कोर्स एअर पिस्तुलाचा हवाय.

डेट्रॉइटहून_बेळगावकर
माझ्या मित्रानं इथं ग्लॉकचा केलाय म्हणून सांगतो. त्या पिस्तुलात सगळे मिळून 34 भाग. दिवसभर पूर्ण उघडा आणि जोडा, सुरक्षेच्या तपासण्या कुठल्या क्रमानं करायच्या ते शिका, झिजलेला भाग ओळखा आणि कंपनीचाच नवा घाला. कानस लावायची नाही, ट्रिगर घासायचा नाही. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, मग परत. तुम्हाला त्यातली पद्धत घेण्यासारखी आहे : भाग बदलायचा, घासायचा नाही.

उद्यमबाग_टर्नर
एवढ्याला कोर्स कशाला पायजे? आमच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या दुकानात पाहिजे त्या मापाची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) मिळते, पिन टर्न करून देतो मी. पिस्तुलाच्या सिलिंडरात भरायच्या हवेचं म्हणाल तर वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजनचा सिलिंडर हाय, अॅडॅप्टर बनवला की झालं. भाचा त्याच्या एअर रायफलीत तसंच भरतोय, काय बी झालेलं नाही.

सुभेदार_निवृत्त
ऑक्सिजन नको. कुणीही, कधीही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीसचा एक ठिपका पुरतो, सिलिंडर हातात फुटतो. टर्नरसाहेब, भाच्याला आजच फोन करा.

उद्यमबाग_टर्नर
बरं, ऑक्सिजनचं ऐकलं, भाच्याला सांगतो. पण ओ-रिंगचं माझं बरोबर हाय. रबर ते रबर.

निपाणीची_आई
रबर ते रबर नसतं. माझी मुलगी पिस्तूल खेळते, आम्ही हे भोगलंय. बाहेरची रिंग मापाला बसली, पण मऊ होती, काही दिवसांत कड सोलून निघाली आणि बारीक तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकला. कंपनीचं सील किटच घ्या. दादा, पिस्तूल कुठल्या कंपनीचं? आणि नेमकं होतंय काय? हे अजूनही तुम्ही सांगितलेलं नाही.

अनगोळचा_नेमबाज
स्टायरचं एलपी 10 आणि मोरिनीचं 162. मोरिनी ठीक आहे. स्टायरची हवा संध्याकाळी भरलेली सकाळी उतरलेली असते. आणि कधी कधी गोळी खाली लागते. ते पाठवलं की मुलं एकाच पिस्तुलावर पाळीपाळीनं सराव करतात. एका मुलीचा हात त्या ग्रिपमध्ये बसतच नाही, तिचा सगळा सराव वाया जातो. म्हणून मला हे स्वतः यायला हवंय.

निपाणीची_आई
हे पहिल्यांदा लिहायचं होतं हो. कोर्स मिळेल तेव्हा मिळेल, आज रात्री हे करा. सिलिंडर पिस्तुलातून काढा, 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरा, गेजवरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी तेवढाच असेल तर सिलिंडर चांगला आहे. मग पिस्तुलाला लावून परत तसंच बघा. आता उतरला तर गळती पिस्तुलाच्या बाजूला. जोडाशी साबणाचं पाणी ब्रशनं अगदी थोडं लावा, बुडबुडा दिसेल. गोळी खाली लागण्याचं कारण रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) असू शकतो, पण ते डोळ्यानं कळत नाही, वेग मोजायचा क्रोनोग्राफ लागतो. थोडा वेळ ठेवल्यावरची पहिली गोळी जोरात आणि पुढच्या हळू असं दिसलं तर संशय रेग्युलेटरवर.

आणि कोल्हापूरला जाऊन या. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत ज्या मातीत घडल्या तिथं पिस्तुलाची माहिती असणारी माणसं भेटतात.

टिळकवाडीकर
कोल्हापूर, कोल्हापूर! बेळगावच्या पोरांनी दर वेळी घाट उतरून जायचं का? इथंच माणूस तयार व्हायला हवा, तो हेच म्हणतोय.

निपाणीची_आई
मी निपाणीची, कोल्हापूरची नाही. शिकायला जा म्हटलं, राहायला नाही. आणि तवंदीचा घाट परत येताना चढायचाच आहे, नुसता उतरायचा नाही.

नियमाप्रमाणे
मुलं खेळणार कर्नाटकाकडून की महाराष्ट्राकडून? सीमाभागातल्या मुलांनी हे आधी ठरवून घ्यावं, मागाहून घोळ होतो.

अनगोळचा_नेमबाज
तो विषय इथं नको, हात जोडतो.

सुभेदार_निवृत्त
एक राहिलं. सिलिंडर काढला तरी आत दाबाची हवा अडकलेली असते. स्क्रू सैल करायच्या आधी पिस्तूल रिकामं आहे हे बघून, सुरक्षित दिशेला धरून, उरलेली हवा गोळी न घालता ट्रिगर ओढून सोडून द्यायची. नाहीतर स्प्रिंग आणि पिन तोंडावर येतात. आणि साधं मशीन ऑइल हवेच्या बाजूला नको. दाबाखाली तेही पेटतं. कंपनी सांगेल तेच सिलिकॉन ग्रीस, सीलवर चमक येईल एवढंच.

डेट्रॉइटहून_बेळगावकर
कोर्सबद्दल : एअर पिस्तुलाच्या कंपन्यांचे तंत्रज्ञ वर्ल्ड कपला रेंजवर सर्व्हिसचा स्टॉल लावतात. दिल्लीला कर्णी सिंग रेंजवर मोठी स्पर्धा असेल तेव्हा पिस्तूल घेऊन जा आणि ते उघडताना शेजारी उभे राहा. त्याआधी कंपनीला ईमेल करा : सीरियल नंबर, क्लबचं पत्र, आणि क्लबमधल्या माणसाला प्रशिक्षण देता का, हा एकच सरळ प्रश्न. सोबत भागांचा नकाशा मागा.

अनगोळचा_नेमबाज
रात्री करून बघितलं. सिलिंडरचा आकडा जागेवर. पिस्तुलाला लावला की उतरतो, बुडबुडा जोडाच्या सीलशी येतोय. किट मागवतो, कंपनीलाही लिहितो. हातपंपानं भरतो ते चालेल ना?

निपाणीची_आई
चालतं, पण आपल्याकडच्या पावसात दमट हवा आत जाते. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावा आणि मधेमधे थांबून खालचं पाणी सोडा. सील बदलल्यावर स्पर्धेआधी ट्रिगर किती वजनाला सुटतो ते बघा, 500 ग्रॅमच्या खाली गेलं तर तपासणीत खेळाडूला परत पाठवतात. आणि सिलिंडरवरची तारीख बघितली का? दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो.

अनगोळचा_नेमबाज
आता बघितली. स्टायरचा पुढच्या वर्षापर्यंत आहे. मोरिनीच्या जादा सिलिंडरची संपलीय, तो बाजूला काढला. किट आलं की फोटो टाकतो, सुभेदारकाका, उघडायच्या आधी नजर टाका.

खानापूरचा_शेतकरी
मी नवीन धागा काढलाय, 'ठासणीचं निप्पल'. तिकडं या की.