अनुभव धागा: जोडप्याचं ऑनलाइन काउन्सेलिंग, पहिल्या दोन-चार सेशनना नेमकं काय होतं?

वाकडची एक

मैत्रिणीने परवा विचारलं, "म्हणजे तिथे करतात काय गं? दोघांना समोरासमोर बसवून भांडायला लावतात?" हसले खरी, पण दीड वर्षापूर्वी मलाही तेवढंच माहीत होतं. म्हणून हा धागा. पुण्यात राहून ऑनलाइन काउन्सेलिंग घेतलं असेल तर सुरुवात कशी झाली ते लिहा. लग्न झालेले, न झालेले, मोडलेले, सगळे चालतील. फसलेलंही लिहा. काउन्सेलरचं किंवा ॲपचं नाव मात्र नको.

माझ्यापासून सुरू करते. लग्नाला सहा वर्षं, दोघंही हिंजवडीत, भांडणाचा विषय दर वेळी नवा आणि भांडण तेच. वेळ ठरल्यावर दोघांना वेगवेगळे फॉर्म आले. मी दोन पानं भरली. "या सेशनमधून तुम्हाला काय हवं आहे?" याला नवऱ्याने, मला नंतर कळलं, दोनच शब्द लिहिले होते: "घरात शांतता." सोबत संमतीपत्र. सेशन 50 मिनिटांचं, 24 तास आधी न कळवता रद्द केलं तर पूर्ण फी, रेकॉर्डिंग कुणीच करायचं नाही, बोललेलं बाहेर जाणार नाही, कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच अपवाद. सुरुवातीलाच काउन्सेलरने विचारलं, "आत्ता कुठल्या पत्त्यावर आहात? नेट गेलं तर कुठल्या नंबरवर फोन करू?" मला वाटलं, कुरिअर येतंय की काय.

पहिलं सेशन माहितीतच गेलं. कसे भेटलात, एकत्र मजा आली असा शेवटचा दिवस कुठला, लहानपणी घरात भांडणं झाली की कोण काय करायचं. मी फेब्रुवारीतलं भांडण स्क्रीनशॉटसकट तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. चूक कोणाची ते ही बाई सांगेल असं मी धरूनच चालले होते. सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

पण ऑनलाइनमध्ये एक गोष्ट होते, ती समोरासमोर झाली नसती. दुसऱ्या सेशनला नवरा त्याच्या आईबद्दल काहीतरी सांगत होता आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात मला एक बाई दिसली. डोळे छताकडे, ओठाची एक बाजू वर. ती मीच होते. सहा वर्षं तो हा चेहरा बघतोय, मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. काउन्सेलरनेही बघितला असणार, पण ती मला काही बोलली नाही. त्याला विचारलं, "आत्ता बोलता बोलता थांबलात का?" पुढे कधीतरी तिने जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकाच्या कामाबद्दल सांगितलं. टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि तोंडाला कुलूप, या चार सवयी नातं पोखरतात, आणि त्यातली तुच्छता सगळ्यात वाईट. माझी कुठली ते सांगायला नको.

पार्किंगवाला

आमचं घर सदाशिव पेठेत. खोल्या तीन, माणसं पाच. आमच्याकडे दार नुसतं लोटून घेतलं तरी दोन मिनिटांत बाहेरून "काय झालं रे?" येतं. त्यामुळे घरात सेशन अशक्य. पेठेत गाडी लावायला जागा मिळाली की ती जिवापाड जपायची असते. आम्ही दर शनिवारी ती जागा सोडून तळजाई टेकडीवर जायचो, यावरून आमची गरज किती होती ते ओळखा. घरी सांगायचो, भाजी आणायला चाललोय. येताना खरंच भाजी आणावी लागायची.

फोन डॅशबोर्डवर, वायरच्या इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. पहिल्याच सेशनला रखवालदाराने काचेवर टकटक केली. "ओ साहेब, इथे जोडप्यांनी गाडीत बसायचं नाही." बायकोने मंगळसूत्र दाखवलं. फोनमधली काउन्सेलर हसू दाबत होती. लग्नाच्या अकराव्या वर्षी पकडले गेलो.

आता जरा अवघड भाग. दोघांच्या सेशननंतर प्रत्येकाचं एकेकट्याचं एक सेशन असतं, बहुतेकजण घेतात म्हणे. मी शेअर बाजारात ऑप्शनच्या नादात 4 लाख 20 हजार घालवले होते आणि बायकोला पत्ता नव्हता. वाटलं, चला, निदान काउन्सेलरपाशी मोकळं होता येईल. तर तिने सुरुवातीलाच नियम सांगितला: "तुम्ही इथे सांगाल ते मी होऊन त्यांना सांगणार नाही. पण दोघांबरोबर काम करताना मोठी गोष्ट एकाच्या बाजूने पोटात ठेवून मला बसता येत नाही. तसं काही असेल तर ते तुम्हीच सांगायचं. कसं सांगायचं, त्यात मी मदत करेन." हा नियम प्रत्येकाचा वेगळा असतो, आधी विचारून घ्या. मी त्या दिवशी इकडचं तिकडचं बोलून वेळ काढला.

चौथ्या सेशनला सांगितलं. बायको ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "गाडी चालू कर, घरी जाऊ." काउन्सेलर म्हणाली, अजून वीस मिनिटं आहेत, गप्प बसायचं असेल तर गप्प बसा, मी आहे. बसलो. बाहेर पाऊस, काचा आतून धुरकटलेल्या, आणि एका फोनमध्ये तिसरं माणूस गप्प बसलेलं. सेशनचे 1800 रुपये होते. त्या वीस मिनिटांचे मला कधीच जास्त वाटले नाहीत. त्या दिवशी भाजी आणायची राहिली, आणि आईने पहिल्यांदा काही विचारलं नाही.

शंकासूर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आम्ही "रिलेशनशिप कोच"कडे गेलो. दहा सेशनचं पॅकेज, पैसे आगाऊ. दुसऱ्या सेशनला बायकोला सल्ला: संसारात बाईने थोडं नमतं घ्यावं. हे तर माझी आत्या फुकट सांगते. शिक्षण विचारलं तर म्हणाले, "मी शेकडो संसार वाचवलेत." तिसऱ्यानंतर सोडलं. उरलेले पैसे पाण्यात. एकच फायदा, त्या माणसाला नावं ठेवण्यावर आमचं दोघांचं बऱ्याच दिवसांनी एकमत झालं.

एमएसडब्ल्यूवाली

शंकासूर, याच क्षेत्रात आहे म्हणून सांगते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक बिनधास्त मागा. "कोच"ची पाटी मात्र कुणीही लावू शकतं. म्हणून पहिल्या फोनवरच विचारायचं: सायकॉलॉजीत एमए की एमएसडब्ल्यू (म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), जोडप्यांबरोबर काम करायचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं, अडलं तर तुम्ही स्वतः कुणाचा सल्ला घेता. शेवटच्या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे जाऊ नका. आणि दहा सेशनचे पैसे एकदम कुणालाही देऊ नका, मलासुद्धा.

कंपनीच्या खर्चाने

आमच्या कंपनीकडून वर्षाला सहा सेशन फुकट. एचआरला कळेल या भीतीने चार महिने फोन केला नाही. मग कळलं की त्यांच्याकडे किती जणांनी सुविधा वापरली तो आकडा जातो, नावं नाही. आरोग्य विम्यातून मात्र एक रुपया मिळाला नाही, विचारून झालंय.

अहो

वय 63, मंडळींचं 59. निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर घरात असतो हाच आमचा प्रश्न. मुलीने अमेरिकेतून एक काउन्सेलर शोधून दिली, बंगळुरूची, बोलणं इंग्रजीतून. दोन सेशन केली. इंग्रजीत आम्ही एकमेकांशी इतकं सभ्य बोललो की तिला प्रश्नच दिसेना. भांडण मराठीत, तर उतारा इंग्रजीत कसा मिळणार? मग मराठी बोलणारी पाहिली.

तिने वेळ विचारली, मी गुरुवार सकाळी अकरा सांगितलं. पहिल्याच गुरुवारी बरोबर पावणेअकराला वीज गेली. "पन्नास वर्षं पुण्यात काढली आणि गुरुवारी वीज जाते हे यांना माहीत नाही! माझं कधी विचारतात का, कुठला वार चालेल म्हणून?" हे सगळं हिने फोन जोडला गेलाय हे न कळता ऐकवलं. काउन्सेलर म्हणाली, "छान, इथूनच सुरुवात करू." मी हिला न विचारता ठरवलेल्या गोष्टींची यादी हिने सांगायला घेतली. 1989 सालच्या फ्रिजपासून. मी मध्ये बोलायला गेलो की काउन्सेलर म्हणायची, "तुमची पाळी येणार आहे." त्या दिवशी नाही आली.

एक सूचना. आमची ही माझं नाव घेत नाही. काउन्सेलरने "तुम्ही त्यांच्याकडे बघून बोला" म्हटल्यावर तिला काही सुचेना. कॅमेऱ्याकडे बघून तक्रार करणं सोपं, शेजारच्या माणसाकडे वळून अवघड. तीनदा प्रयत्न करून शेवटी म्हणाली, "अहो, तुम्ही दुपारी स्वयंपाकघरात येत जाऊ नका." तेवढंच. पण माझ्याकडे बघून.

साडेतीन तास

मी कोथरूडला, तो जर्मनीत. तीन माणसं, तीन चौकोन. उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे जातं, हे आम्ही दोघंही विसरलो. तो त्याच्या घड्याळाने वेळेवर आला, माझ्या घड्याळाने एक तास उशिरा. तोवर सेशन संपलं होतं. फी गेली. पण त्या 50 मिनिटांत मी एकटीच बोलले आणि कळलं, मला राग कमी होता आणि एकटं वाटणं जास्त.

अजून एक. मी काही बोलले की तो उत्तर द्यायच्या आधी थांबायचा. तेवढ्या थांबण्यावर मी मनात पूर्ण खटला चालवायचे. काउन्सेलर म्हणाली, तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतोय, नेटचा प्रश्न आहे. खटला रद्द.

गृहपाठ मिळतो, तयारीत राहा. आम्हाला रोज दहा मिनिटं: एकाने बोलायचं, दुसऱ्याने आधी "मला कळलं ते असं की" म्हणून ते परत सांगायचं, मग स्वतःचं. पहिल्या आठवड्यात शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक वाटलं. आणि भांडण तापलं तर निदान वीस मिनिटं थांबायचं, पण परत कधी बोलू ते सांगून थांबायचं. फोन आपटून थांबणं यात धरत नाहीत.

नाव नको

थोडक्यात लिहिते. दोघांच्या सेशनमध्ये मी सगळं ठीक आहे म्हणत होते. एकटीच्या सेशनला तिचा पहिला प्रश्न, "हेडफोन लावलाय? खोलीत किंवा दाराबाहेर कोणी आहे का? फक्त हो-नाही सांगा." कोणी आहे का, याला मी हो म्हटलं. तिने पंधरा मिनिटं झोप, जेवण, ऑफिस असलं काहीबाही विचारलं आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी मी ऑफिसातून केला.

सगळं ऐकल्यावर तिने दोघांची सेशन बंद केली. म्हणाली, इथे तुम्ही खरं बोललात आणि रात्री त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागली, तर असं सेशन मी घेणार नाही. 181 ही महिला हेल्पलाइन, अगदी तातडीचं असेल तर 112, महिलांना मदत करणारा पोलिसांचा भरोसा सेल, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, हे सगळं तिने सावकाश लिहून घ्यायला लावलं, ऑफिसच्या वहीत, घरी नेऊ नका म्हणून सांगितलं. मी आता आईकडे आहे. मार असेल, धाक असेल, तर जोडीने बसू नका. एकटीने बोला.

एमएसडब्ल्यूवाली

नाव नको, लिहिलंस हे फार बरं केलंस. याला जोडून: रात्री-बेरात्री मन फार बिघडलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ती जोडप्याची थेरपी नव्हे, पण पहाटे तीनला काउन्सेलर उचलत नाही.

वेगळे झालो

नऊ सेशन केली. सातव्याला दोघांनाही एकदमच कळलं. उरलेली दोन सात वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं यावर गेली. वाक्यं लिहून काढली, कोण कुठलं म्हणणार तेही. पुढे शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तिथल्या विवाह समुपदेशकांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. आधीचं काउन्सेलिंग झालंय म्हणून ते टळत नाही.

बाणेरहून

सगळं वाचलं, दोनदा. नवरा म्हणतो, "आपलं आपण बघू, तिसऱ्याला कशाला सांगायचं?" एकटीने सुरू करता येतं का?

एमएसडब्ल्यूवाली

येतं. फक्त पुढे तो तयार झाला तर जोडीसाठी बहुतेक दुसरी काउन्सेलर बघावी लागेल. तुझी आधीपासून ओळखीची असेल तर त्याला ती तुझ्याच बाजूची वाटणार. आणि नवऱ्याला सुधारायच्या युक्त्या मिळतील या आशेने जाऊ नकोस, मिळत नाहीत.

बाणेरहून

बरं. वेळ घेतली. एकटीची. तो जिमला जातो तेव्हाची.

अहो

गुरुवार नाही ना?