‘आण्विक चिन्हक’ की ‘रेण्वीय चिन्हक’? सूचिपर्णी झाडांच्या नकाशातले शब्द

प्रश्न (प्राध्यापिका, सोलापूर)
बी.एस्सी.च्या मुलांसाठी सूचिपर्णी झाडांच्या आनुवंशिकीवर मराठीतून टिपण लिहिते आहे. हिंदी पुस्तकांत ‘आण्विक चिह्नक’ आणि ‘आनुवंशिक मानचित्रण’ असं सापडतं. मी ‘आण्विक चिन्हक’ आणि ‘जनुकीय नकाशा’ असं लिहिलं तर चालेल का? आमच्या मुलांच्या ओळखीची सूचिपर्णी झाडं म्हणजे वहीत जपलेलं विद्येचं पान आणि बंगल्यासमोरचा ख्रिसमस ट्री, एवढीच. तेव्हा शब्द तरी सरळ असावेत.

उत्तर
मॅडम, ‘आण्विक’ अजिबात नको. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत तेच अनुक्रमे अणू आणि रेणू. त्यामुळे हिंदीतला निर्दोष शब्द मराठीत आला की अणुभट्टीच्या दारात जाऊन उभा राहतो. इथे तर घोटाळा आणखी वाढेल, कारण किरणोत्सर्ग वापरून पिकांच्या नव्या जाती खरोखरच काढतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भुईमुगाच्या जाती मुलांनी ऐकलेल्या असतात. ‘रेण्वीय चिन्हक’ लिहा. बोलताना ‘मार्कर’ म्हटलंत तरी कुणाचं अडत नाही.

‘जनुकीय नकाशा’ रूढ आहे, पण मी ‘आनुवंशिक नकाशा’ म्हणेन, म्हणजे गुणसूत्रावर चिन्हकं कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने आहेत ते दाखवणारा. चिन्हक हे जनुक असेलच असं नाही. तो डीएनएचा ओळखता येणारा एक तुकडा असतो, झाडागणिक थोडा वेगळा. पुणे रस्त्यावर टेंभुर्णी कुठे आली हे किलोमीटरच्या दगडावरून कळतं, पण दगड म्हणजे टेंभुर्णी नव्हे. शिवाय या नकाशातलं अंतर लांबीचं नसतं. दोन चिन्हकं पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटतात, त्यावरून ते ठरतं. शंभरात एकदा सुटली तर अंतर साधारण एक सेंटिमॉर्गन. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ स्टर्टेव्हंटने १९१३ मध्ये फळमाशीचा पहिला असा नकाशा याच हिशेबाने काढला. ‘मानचित्रण’ सोडून द्या, आपला ‘नकाशा’ पुरेसा आहे.

डाळिंब बागायतदार, सांगोला
आमच्याकडे सगळी बाग गुटी कलमाची. भगवा या डाळिंबाच्या जातीचा असा नकाशा काढता येईल का? तेल्या रोगाला दाद न देणारं झाड लवकर ओळखता आलं तर फार बरं होईल.

उत्तर
दादा, गुटीची झाडं आनुवंशिकदृष्ट्या आईची नक्कल असतात. त्यांच्यात फरकच नाही, तर मोजणार काय? त्यासाठी दोन वेगळ्या झाडांचा संकर करून बियांपासून रोपं वाढवावी लागतात. रोगाला टिकण्याचा गुण ज्या चिन्हकाबरोबर वारशाने येतो ते सापडलं, की रोप लहान असतानाच निवड करता येते. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन जरूर विचारा.

प्राध्यापिका
मग पाइनचा संकर कसा करतात? त्याला बी धरायलाच कितीतरी वर्षं लागतात ना?

उत्तर
हाच या विषयाचा सगळ्यात सुंदर भाग आहे. पाइनमध्ये संकर न करताही काम होतं. चिलगोजा, म्हणजे एका पाइनचं खायचं बी, सोलून उभा चिरा. आपण खातो तो पांढरा गर बहुतेक सगळा स्त्रीयुग्मकोद्भिदाचा, म्हणजे अंडपेशी तयार करणाऱ्या भागाचा, असतो. मधली बारीक दांडी म्हणजे गर्भ. गर्भात आई-बाप दोघांचा वाटा असतो. गर मात्र एकगुणित असतो, म्हणजे त्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, निव्वळ आईकडचा, आणि ज्या अंडपेशीतून गर्भ झाला तिच्यासारखीच जनुकं त्यात असतात. परागकण वाऱ्याने कुठून आले याची फिकीर नाही. एकाच झाडाच्या बिया गोळा करायच्या, प्रत्येकीच्या गरातून डीएनए काढायचा आणि आईच्या जोडीतली कोणती प्रत आली ते पाहायचं.

१९९० मध्ये आरएपीडी ही डीएनएचे तुकडे वाढवून चिन्हकं शोधायची पद्धत आली तेव्हा याचा मोठा उपयोग झाला. त्या चिन्हकाची पट्टी दिसते किंवा दिसत नाही, एवढंच कळतं. द्विगुणित, म्हणजे दोन संच असलेल्या, पेशीत एक प्रत दुसरीची उणीव झाकते. एकगुणित गरात झाकायला दुसरी प्रतच नसते.

संपूर्ण जनुकसंच वाचणं मात्र फार अवघड गेलं. पाइनला गुणसूत्रांच्या १२ जोड्या, आपल्याला २३. तरी नॉर्वे स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाच्या जनुकसंचात सुमारे २० अब्ज आधारजोड्या (डीएनएची अक्षरं) आहेत आणि आपल्यात सुमारे ३ अब्ज. स्प्रूसचा मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीची कित्येक वर्षं आनुवंशिक नकाशाच हाताशी होता.

‘स्त्रीयुग्मकोद्भिद’ मुलांना जड वाटेल. मराठी विश्वकोशात अशा अवस्थेला ‘गंतुकधारी’ म्हटलंय. मला तो शब्द आवडतो, पण शालेय पुस्तकांत आता ‘युग्मक’ रुळलाय, म्हणून पहिल्यांदा दोन्ही द्या आणि पुढे सरळ ‘बियांतला गर’ म्हणा.

आणि सुरूचं उदाहरण घेऊ नका. सुया असल्यासारखं दिसतं, पण ते सपुष्प झाड आहे. त्या सुया म्हणजे बारीक फांद्या आहेत. विद्येचं पान चालेल. पान सुईसारखं नसलं तरी ते झाड सूचिपर्णीच.