मदत हवी आहे : ताईची अर्धशिशी आणि मानसोपचारांना नकार

नमस्कार. ताई ४१ वर्षांची, नाशिकला शाळेत शिकवते. मी सध्या तिच्याकडेच राहते. अर्धशिशी तिला कॉलेजपासूनची, पण तेव्हा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी उठायची. आता डोकं दुखलं त्या तारखेवर मी कॅलेंडरमध्ये लाल टिंब करते. गेल्या महिन्यात १९ टिंबं झाली.

दुखायला लागलं की कपाळाला ओढणी करकचून बांधून ती अंधारात पडते. कुकरची शिट्टी सोसत नाही, म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवते. पण मला खरी काळजी वाटते ती न दुखणाऱ्या दिवसांची. त्या दिवशीही ती गप्प असते. तपासायचे पेपर तसेच पडलेले. पहाटे तीनला बघावं तर पलंगावर उठून बसलेली. परवा म्हणाली, "जगायचा कंटाळा आलाय." जिवाचं काही करायचं मनात येतं का, असं मी सरळ विचारलं. नाही म्हणाली. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय.

न्यूरॉलॉजिस्टनी झोपेची, मनाची चौकशी केली आणि रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून दिली; मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा म्हणाले. अर्धशिशी असलेल्यांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, आणि नैराश्य असेल तर अर्धशिशी जुनाट व्हायचा धोकाही वाढतो, असं त्यांनी समजावलं. ताईने गोळीचं नाव फोनवर शोधलं, 'नैराश्यावरील औषध' वाचलं आणि पाकीट फोडलंच नाही. "माझं डोकं खरंच दुखतं गं. मला वेडी ठरवताय का?" एवढ्या कमी मात्रेत ती गोळी अर्धशिशी टाळायलाच देतात, हे सांगून मी थकले.

त्यात तिच्या पर्समध्ये वेदनाशामकांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, महिनोन्महिने घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं म्हणे.

कुणाच्या घरी अर्धशिशीचे आणि मनाचे असे दोन्ही उपचार एकत्र चालू आहेत का? वेदनाशामक कमी करतानाचे पहिले काही दिवस कसे काढलेत? आणि "तुझं दुखणं खोटं नाही" हे तिला पटेल अशा शब्दांत मानसोपचारतज्ज्ञांचा विषय कसा काढू? पुढची अपॉइंटमेंट मंगळवारी आहे.